खिडकीची जाळी कोणी बसवायची?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लेनॉक्स अव्हेन्यूवर १३५व्या रस्त्यापाशी हार्लेम हॉस्पिटल आहे. सरकारी रुग्णालय, आपल्या केईएम किंवा ससूनसारखं. आजूबाजूची वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि बरीचशी गरीब. १९७०च्या दशकात डॉ. बार्बरा बार्लो तिथे लहान मुलांच्या सर्जन म्हणून रुजू झाल्या, तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावर एक ठरावीक प्रकारची केस यायची: खिडकीतून पडलेलं मूल.

कारण साधं होतं. जुन्या पाच-सहा मजली चाळवजा इमारती, एसी नाही, उकाड्यात खिडक्या सताड उघड्या आणि त्यांना गज नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे ते खिडकीच्या कट्ट्यावरून थोडं जरी जास्त वाकलं तरी तोल पुढे जातो. आई स्वयंपाकघरात, घरात आणखी तीन मुलं. मिनिटभरही लागत नाही.

बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांतल्या अशा मुलांचा हिशेब १९८३ साली प्रसिद्ध केला. एकूण ६१ मुलं. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या उंचीवरून पडलेली सगळी मुलं वाचली. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या आसपास हे प्रमाण निम्म्यावर आलं. (अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबात एकेक मजला कमी करायचा.) सर्जनच्या दृष्टीने ही उपयोगाची माहिती आहे, कारण कोणत्या मुलाकडे आधी धावायचं ते कळतं. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. शहरात खिडक्यांना जाळ्या बसवण्याचा कायदा झाल्यानंतर हार्लेम हॉस्पिटलमध्ये खिडकीतून पडून दाखल होणाऱ्या मुलांची संख्या ९६ टक्क्यांनी घटली.

शस्त्रक्रियेची कुठलीही नवी पद्धत हे करू शकली नसती. आणि हे काम बार्लोंच्या एकट्याचं नव्हतं, हेही लगेच सांगायला हवं. त्याची सुरुवात शहराच्या आरोग्य खात्याने केली होती.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्य खात्याने ब्राँक्स भागात एक मोहीम काढली. तिचं नाव 'मुलांना उडता येत नाही'. शार्लट स्पीगल या तिच्या प्रमुख. मोहिमेचे भाग चार होते आणि ते कसे जुळवले होते ते पाहण्यासारखं आहे. एक, कुठलंही मूल वरून पडलं की रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीने आणि पोलीस ठाण्याने ते आरोग्य खात्याला कळवायचं. दोन, त्या घरी परिचारिका जाऊन कुटुंबाशी बोलणार. तीन, वर्तमानपत्रं आणि रेडिओवरून प्रचार, शिवाय दारोदार फिरून माहिती. चौथा भाग बहुतेक आरोग्य मोहिमांमध्ये नसतो: ज्या भागात धोका जास्त, तिथल्या लहान मुलं असलेल्या कुटुंबांना खिडकीच्या जाळ्या फुकट द्यायच्या, आणि त्याही अशा की घरच्या माणसाला सहज बसवता येतील. १९७३ ते १९७५ या काळात ब्राँक्समध्ये मुलं वरून पडण्याच्या नोंदवलेल्या घटना निम्म्यावर आल्या.

फुकट जाळ्या शहरभर किती काळ वाटणार? म्हणून १९७६ साली शहराच्या आरोग्य संहितेत दुरुस्ती झाली. ज्या इमारतीत तीन किंवा जास्त घरं आहेत आणि ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहतं, तिथे खिडक्यांना जाळी बसवून देणं ही घरमालकाची जबाबदारी ठरली. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा. तो आजही चालू आहे. दर जानेवारीत घरमालकाने प्रत्येक भाडेकरूला एक छापील फॉर्म पाठवायचा असतो: तुमच्या घरात दहा वर्षांपर्यंतचं मूल आहे का? नसलं तरी तुम्हाला जाळी हवी आहे का? उत्तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत यायला हवं. जाळीच्या गजांमधली फट साडेचार इंचांहून जास्त चालत नाही, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं अंग निसटू शकतं. फायर एस्केपकडे, म्हणजे इमारतीच्या बाहेरून बसवलेल्या लोखंडी जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीला मात्र जाळी लावायची नाही; आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

या कायद्याने कोणाकडून काय मागितलं? आईकडून त्याने फॉर्मचं उत्तर सोडून जवळजवळ काहीच मागितलं नाही. 'मुलाकडे नीट लक्ष द्या' असं नाही, भिंतीला भोक पाडायची परवानगीही नाही. भाड्याच्या घरात खिडकीच्या चौकटीला ड्रिल मारायचा अधिकार भाडेकरूला नसतो, हे ज्याने भाड्याने दिवस काढलेत त्याला सांगायला नको. अधिकार मालकाकडे होता, म्हणून जबाबदारी मालकावर टाकली.

मुलांच्या इजा रोखण्याच्या कामात 'समन्याय' हा शब्द अलीकडे फार वापरला जातो आणि बहुतेक वेळा तो भाषणातच राहतो. मला त्याचा सरळ अर्थ एवढाच दिसतो: ज्या पालकाकडे पैसा नाही, वेळ नाही आणि घरावर हक्क नाही, त्याच्या मुलालाही तेवढंच संरक्षण देईल असा उपाय निवडायचा.

हे का करावं लागतं? कारण इजा सगळ्या मुलांना सारख्या होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २००८ सालचा अहवाल सांगतो की अनवधानाने झालेल्या इजांमुळे, म्हणजे रस्ता, पाणी, आग, पडणं, विषबाधा अशा कारणांनी, जगात दर वर्षी सुमारे ८ लाख ३० हजार मुलं मरत होती. म्हणजे रोज दोन हजारांहून जास्त. त्यातली ९५ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. श्रीमंत देशांच्या आतसुद्धा हीच दरी दिसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ ते २००३ या काळातले बालमृत्यू तपासले गेले, तेव्हा ज्या मुलांचे पालक कधीच नोकरीला नव्हते किंवा दीर्घकाळ बेकार होते, त्यांचा इजेने मरण्याचा दर वरच्या व्यावसायिक वर्गातल्या मुलांच्या १३ पट निघाला. रस्त्याने चालताना गाडीखाली येण्याचा दर २० पट. घराला लागलेल्या आगीत मरण्याचा दर जवळजवळ ३८ पट. हे त्या देशातलं आहे जिथे उपचार सगळ्यांना फुकट मिळतात. त्यामुळे 'गरिबांना दवाखाना परवडत नाही म्हणून' हे उत्तर इथे पुरत नाही. इजा होण्याआधीच काहीतरी वेगळं घडत असतं.

ते 'आधी' काय असतं हे पद्धतशीर मांडणारा माणूस म्हणजे विल्यम हॅडन. हेही डॉक्टरच. १९६६ साली अमेरिकेने महामार्ग सुरक्षेसाठी नवी संस्था काढली तेव्हा तिचे पहिले प्रमुख. त्यांनी इजेकडे साथीच्या रोगासारखं पाहिलं. मलेरियात जसा परजीवी, डास आणि माणूस असतो, तसं इजेत नुकसान करणारी गोष्ट म्हणजे ऊर्जा: वेगाची, उष्णतेची, विजेची, रसायनाची. ती शरीराला सोसवेल त्यापेक्षा जास्त प्रमाणात आली की इजा होते. मग प्रत्येक घटनेचे तीन टप्पे पाडायचे, घडण्याआधी, घडताना आणि घडल्यानंतर. प्रत्येक टप्प्यात तीन बाजू पाहायच्या: माणूस, ऊर्जा वाहून आणणारी वस्तू आणि भोवतालचं वातावरण. असा नऊ घरांचा तक्ता होतो. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांना तो हॅडनच्या नावाने शिकवतात.

खिडकीचं उदाहरण या तक्त्यात घालून पाहा. आधी: मुलाचं वय, खिडकीच्या कट्ट्याची उंची, जाळी आहे की नाही, खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची ठेवली आहे का. घडताना: किती मजले, खाली झुडूप आहे की काँक्रीट. नंतर: ॲम्ब्युलन्स किती वेळात आली, जवळच्या रुग्णालयात लहान मुलांचा सर्जन आहे का. 'आई कुठे होती' हा प्रश्न नऊपैकी एका घराच्या एका कोपऱ्यात येतो. आपल्याकडे मात्र अशी बातमी वाचली की सगळे आधी तोच प्रश्न विचारतात.

बार्लोंच्या कारकिर्दीचा पुढचा भाग याच तक्त्यातून समजतो. हार्लेममधल्या मुलांना इजेमुळे रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होतं. जाळ्यांमुळे खिडक्यांचा प्रश्न आटोक्यात आला, पण मुलं गाडीखाली येतच होती, सायकलवरून पडत होती, बागेतल्या घसरगुंडीवरून खाली डांबरावर आपटत होती. १९८८ साली रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या आरोग्याच्या कामांना पैसे देणाऱ्या संस्थेच्या मदतीने हार्लेम हॉस्पिटलने इजा प्रतिबंधाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला.

त्यांनी आधी मोजणी केली. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वयाची, कशाने. मग मुलं जिथे खेळतात त्या जागा पाहिल्या. मध्य हार्लेममधल्या खेळाच्या मैदानांची पाहणी करून, फोटो काढून ते पुरावे शहराच्या उद्यान विभागाकडे नेले.

फोटो का लागतात, तर मैदानातली इजा बहुतेक वेळा बारीक गोष्टींवर ठरते. झोपाळ्याखाली वाळू किंवा रबर असेल तर पडलेलं मूल रडून उठतं, डांबर असेल तर त्याच उंचीवरून पडून हात मोडतो किंवा डोक्याला लागतं. घसरगुंडीचा कठडा तुटलेला आहे, शिडीची एक पायरी गायब आहे, खाली बाटल्यांच्या काचा आहेत. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते आणि तिचा खर्च एका मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी येतो. पण कोणी तक्रार केली पाहिजे, आणि तक्रारीला वजन पाहिजे. वस्तीतल्या आईच्या अर्जाला जे वजन मिळत नाही ते मुलांच्या सर्जनच्या सहीला मिळतं. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण असं आहे. बार्लोंनी ते वजन वापरलं आणि पालकांना सोबत घेऊन वापरलं.

नंतर त्यांनी जे केलं ते पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं: रुग्णालयाने नृत्याचे वर्ग चालवले, बेसबॉलची मुलांची लीग उभी करायला हातभार लावला, सायकल दुरुस्त करायला शिकवलं आणि हेल्मेट दिलं, शाळेतल्या मुलांना खोटा रस्ता आणि खोटा सिग्नल उभा करून रस्ता ओलांडायचा सराव दिला. रुग्णालयाला नाचाशी काय देणंघेणं? उत्तर पुन्हा मोजणीत आहे. शाळा सुटल्यावर मुलं रस्त्यावर असत, कारण जायला दुसरी जागा नव्हती. 'रस्त्यावर खेळू नको' हा सल्ला तेव्हाच उपयोगाचा, जेव्हा 'मग कुठे खेळू' याचं उत्तर तुमच्याकडे असतं.

याचा परिणाम किती झाला? इथे जरा सावध राहायला हवं. १९८८ ते १९९१ या काळाचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हार्लेमची तुलना शेजारच्या वॉशिंग्टन हाइट्स भागाशी केली होती. शाळकरी वयाच्या मुलांच्या इजा हार्लेममध्ये साधारण चौथ्या हिश्शाने घटल्या. पण वॉशिंग्टन हाइट्समध्येही इजा घटल्याच होत्या, म्हणजे काही घट आपोआप झाली असती. हार्लेममध्ये वेगळं दिसलं ते असं की ज्या वयाच्या मुलांवर आणि ज्या प्रकारच्या इजांवर कार्यक्रमाचा रोख होता, घट मुख्यतः तिथेच होती. शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी सगळं श्रेय स्वतःकडे ओढलं नाही, ही मला त्या निबंधातली सर्वांत आवडलेली गोष्ट. कार्यक्रम मात्र टिकला आणि पसरला. इतर शहरांतल्या मुलांच्या रुग्णालयांना जोडून त्यातून 'इंजुरी फ्री कोअ‍ॅलिशन फॉर किड्स' ही संघटना उभी राहिली.

आता हार्लेमहून कॅनडातल्या टोरांटोला जाऊ, कारण समन्यायाची खरी परीक्षा तिथे झाली आणि तिचा निकाल सोपा नाही.

टोरांटोच्या ईस्ट यॉर्क भागात १९९० साली मुलांनी सायकल चालवताना हेल्मेट घालावं म्हणून शाळांमधून मोहीम झाली. हेल्मेट चांगलं आहे यावर कोणाचा वाद नव्हता. तिथल्या मुलांच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ पॅट्रिशिया पार्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. मोहीम किती यशस्वी झाली हे घरोघरी विचारण्याऐवजी रस्त्याकडेला निरीक्षक उभे करून सायकलवरून जाणारी मुलं मोजली. आणि श्रीमंत वस्ती व गरीब वस्ती वेगळी मोजली.

श्रीमंत वस्तीत हेल्मेट घालणारी मुलं ४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेली. गरीब वस्तीत १ टक्क्यावरून ७ टक्क्यांवर.

सरासरी काढली असती तर मोहीम छान चालली असं सगळ्यांनी म्हटलं असतं. प्रत्यक्षात दरी आधी तीन टक्क्यांची होती ती एकोणतीस टक्क्यांची झाली. समजावून सांगणं, माहितीपत्रकं, शाळेतली व्याख्यानं यांचा हा नेहमीचा धोका असतो: ज्यांच्याकडे आधीच सोय आहे ते सल्ला लगेच उचलतात.

मग पुढची पायरी. गरिबांना हेल्मेट महाग पडतं का? गरीब भागातल्या शाळांमध्ये अगदी स्वस्तात हेल्मेट देऊन पाहिलं. हेल्मेटं विकली गेली. पण पुन्हा रस्त्यावर मोजलं तेव्हा, जिथे स्वस्त हेल्मेट दिलं नव्हतं त्या भागातल्या मुलांइतकाच त्यांचा वापर निघाला. हेल्मेट घरात आलं, डोक्यावर आलं नाही.

१९९५ साली ऑन्टारिओ प्रांताने, ज्यात टोरांटो येतं, १८ वर्षांखालच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आता चित्र पालटलं. गरीब वस्तीत वापर ३३ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर गेला, श्रीमंत वस्तीत ७३ वरून ७७ वर. म्हणजे कायद्याने दरी कमी केली. फायदा ज्यांना जास्त हवा होता त्यांनाच जास्त झाला. मोहिमेने केलं त्याच्या उलट.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती. पण कायद्याला सहा वर्षं झाल्यावर पुन्हा मोजणी झाली. श्रीमंत वस्तीत वापर ८५ टक्के. गरीब वस्तीत परत ३३ टक्के, जिथून सुरुवात झाली होती तिथेच.

असं का झालं असावं? माझं वाचन असं आहे. कायदा आला तेव्हा त्याचा गाजावाजा होता, पोलीस अडवतील ही धास्ती होती. पुढे कोणी अडवत नाही हे कळल्यावर सक्ती कागदावर राहिली. श्रीमंत वस्तीत तोपर्यंत हेल्मेट हा रिवाज झाला होता, शेजारचा मुलगा घालतो म्हणून आपलाही घालतो. गरीब वस्तीत तो रिवाज पडायला वेळच मिळाला नाही. आणि मूल वाढतं तसं हेल्मेट लहान होतं. दुसरं घ्यावं लागतं.

न्यूयॉर्कची जाळी आणि ऑन्टारिओचं हेल्मेट, दोन्ही कायदेच. फरक कुठे पडला ते पाहा. जाळी एकदा बसली की ती रात्रंदिवस काम करते, आई झोपलेली असो वा कामावर गेलेली. हेल्मेट रोज, दर वेळी, मुलाने स्वतः घालावं लागतं. इजा प्रतिबंधात पहिल्या प्रकाराला निष्क्रिय संरक्षण म्हणतात, कारण ज्याचं रक्षण होतं त्याला काही करावं लागत नाही. समन्याय हवा असेल तर शक्य तिथे हा प्रकार आधी शोधायचा, असं या क्षेत्रातले लोक म्हणतात ते उगाच नाही.

सगळीकडे तो सापडत नाही, हेही खरं. बांगलादेशात २००३ साली झालेल्या मोठ्या आरोग्य आणि इजा पाहणीत आढळलं की दर वर्षी सुमारे १७ हजार मुलं बुडून मरतात. बहुतेक एक ते चार वर्षांची. समुद्रात किंवा पुरात नव्हे, घरामागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात. आणि बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात, जेव्हा आई चुलीशी आणि बाप शेतात असतो. घराभोवती पाणीच पाणी असलेल्या देशात प्रत्येक तळ्याला कुंपण घालता येत नाही. डॉ. फझलुर रहमान आणि डॉ. अमिनूर रहमान यांच्यासारख्या इजांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिथे दुसरा रस्ता धरला. गावातल्याच एका बाईला प्रशिक्षण देऊन तिच्या घरी वीस-पंचवीस लहान मुलं त्या नेमक्या चार तासांत सांभाळायची. या पाळणाघरांना तिथे 'आँचल' म्हणतात. गरीब आईकडे जे नसतं, म्हणजे मुलाकडे बघायला एक मोकळा माणूस, तेच पुरवलं. आँचलमध्ये जाणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांनी बुडण्याविरुद्ध पहिला ठराव केला, त्यात पुढाकार बांगलादेश आणि आयर्लंडचा होता. २५ जुलै हा दिवस तेव्हापासून त्यासाठी राखून ठेवला आहे.

श्रीलंकेतल्या एका सर्जनचंही नाव घेतलं पाहिजे, कारण त्यांचा उपाय आपल्या खेड्यातल्या कुठल्याही आजीला एका नजरेत कळेल. डॉ. विजय गोडकुंबुरा भाजलेल्या रुग्णांवर उपचार करत. बरेचसे भाजायचे ते घरगुती चिमणीने: रिकाम्या बाटलीत रॉकेल, तोंडाशी वात. धक्का लागला की बाटली लवंडते, रॉकेल सांडतं, पेट घेतं. त्यांनी नवी चिमणी बनवली. जाड काचेची, बुटकी, जड, म्हणून सहज लवंडत नाही. दोन बाजू सपाट, म्हणून पडली तरी गडगडत जात नाही. वर फिरकीचं धातूचं झाकण, म्हणून रॉकेल सांडत नाही. नाव 'सुदीप'. किंमत अगदी थोडी. १९९८ साली त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. 'लेकराला दिव्यापासून लांब ठेवा' हा उपदेश त्यांनी आधी नक्कीच अनेकदा केला असेल.

महाराष्ट्रात खिडकीला ग्रिल हा प्रकार नवा नाही. मुंबई-पुण्यात ती चोराच्या भीतीने बसली आणि मुलं आपोआप वाचली. पण ती पेटीसारखी बाहेर काढून पक्की वेल्ड केलेली असते, आणि आग लागली की तिच्यातून बाहेर पडता येत नाही. उघडणारा, कडी असलेला एक भाग ठेवला तर दोन्ही साधतं. न्यूयॉर्कने फायर एस्केपची खिडकी वगळली ती याच विचाराने. उलट नव्या टॉवरमध्ये सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या असतात, दर्शनी बाजू बिघडते म्हणून सोसायटी ग्रिल लावू देत नाही. आणि वस्त्यांमधल्या पत्र्याच्या माळ्यावर, जिथे लोखंडी शिडीने चढायचं आणि कठड्याचा पत्ताच नसतो, तिथे ग्रिलचा प्रश्नच येत नाही. तिथलं मूल खिडकीतून पडत नाही, शिडीच्या भोकातून पडतं.

दुचाकीचंही पाहा. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं. २०२२ साली निघालेल्या नियमांनी नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली. नियम चांगले आहेत. सकाळी सात वाजता कुठल्याही शाळेच्या फाटकापाशी उभं राहिलं की त्यांचं काय झालं ते दिसतं: टाकीवर एक मूल, मागे एक, हेल्मेट असलंच तर बाबांच्या डोक्यावर. ऑन्टारिओत जे सहा वर्षांत झालं ते इथे पहिल्या दिवसापासून आहे. मोजणी मात्र कोणी श्रीमंत शाळा आणि पालिकेची शाळा अशी वेगळी करत नाही. ती करायला पैसे लागत नाहीत. दोन विद्यार्थी, एक वही आणि आठवडाभर सकाळची अर्धा तास हजेरी पुरे.

रुग्णालयातली नोंद हा दुसरा मुद्दा, आणि बार्लोंच्या वाटेने जायचं तर तो पहिला. मूल कॅज्युअल्टीत आलं की केसपेपरवर 'हेड इंज्युरी' लिहिलं जातं, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद होते, पोलिसांचा जबाब होतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोगांच्या वर्गीकरणात इजेसाठी दोन वेगळे संकेत असतात: काय झालं त्याचा एक आणि कशाने झालं त्याचा दुसरा. डोक्याच्या आतल्या इजेला 'एस०६', तर इमारतीवरून पडण्याला 'डब्ल्यू१३'. पहिला भरल्याशिवाय उपचार आणि विमा पुढे सरकत नाही. दुसरा रिकामा राहिला तरी कोणाचं अडत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा रिकामाच राहतो. मग वर्षाअखेरीस किती मुलांच्या डोक्याला मार लागला हे सांगता येतं, त्यातली किती माळ्यावरून पडली हे सांगता येत नाही, आणि पालिकेपुढे ठेवायला हातात काही नसतं.

एखाद्या निवासी डॉक्टरने रात्रपाळीत केसपेपरच्या कडेला चार ओळी जास्त लिहिल्या तर पुष्कळ होईल: मूल कुठून पडलं, किती उंचीवरून, तिथे कठडा किंवा जाळी होती का, आणि घर मालकीचं की भाड्याचं.